पाय चालू लागले, पण चहा जमतो का?

अंगावरून वारं गेलेला माणूस काठी टेकत दारापर्यंत गेला की घरचे म्हणतात, ‘चला, सुटलो!’ इथेच पहिला गैरसमज होतो. पक्षाघातात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो किंवा तिथे रक्तस्राव होतो. त्या भागाकडे हातापायांच्या हालचालीची असते तशीच लक्ष देण्याची, कामांचा क्रम लावण्याची जबाबदारीही असू शकते. मग हात धड असूनही चहा करताना आधण उकळत राहतं, साखर दोनदा पडते, गॅस चालूच राहतो. पुष्कळदा हे नुसतं विसरणं नसतं. पुढची पायरी लावता येत नाही.

‘हल्ली फार हट्टी झालेत, चटणी-कोशिंबिरीला हातच लावत नाहीत.’ ताट नीट बघा. भाजी संपलेली आणि डावी बाजू जशीच्या तशी असेल, तर दोष जिभेचा नसेलही. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. डोळे ठीक असतात, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. दाढीसुद्धा अर्धीच होते. ताट फिरवून ठेवलं की तीच कोशिंबीर संपते! अशा वेळी रागावून काय उपयोग? शिवाय आपलं काही चुकतंय हेच अनेकांना उमगत नाही.

तीन महिन्यांनंतर काही सुधारत नाही, हेही खरं नाही. सुरुवातीचा वेग ओसरतो, सुधारणा थांबतेच असं नाही.

मोबाइलवरच्या ‘मेंदूच्या खेळां’वर मात्र माझा फारसा भरवसा नाही. खेळात गुण वाढतात, पण म्हणून बँकेची स्लिप भरता येईलच असं नाही. जे काम हवं, त्याचाच सराव हवा. कॅनडात हेलेन पोलाताइको आणि सहकाऱ्यांनी हालचालींत अडखळणाऱ्या मुलांसाठी एक पद्धत बसवली: काय करायचं ते ठरवा, बेत आखा, करा, तपासा. ती पुढे पक्षाघाताच्या रुग्णांसाठीही वापरली गेली. यात बेत रुग्णानेच आखायचा असतो. रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून मदत करणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट फक्त प्रश्न विचारून वाट दाखवतो.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. ‘तुम्ही बसा हो, मी करते’ म्हणत सून गोळ्याही हातात देते. त्याऐवजी आठवड्याची गोळ्यांची डबी त्यांना भरू द्या आणि नंतर तुम्ही तपासा. गॅस, पैशांचे व्यवहार आणि गाडी मात्र डॉक्टरांनी तपासल्याशिवाय त्यांच्यावर सोपवू नका.