खेळाच्या पॅनेलसाठी तार : आधी टोक पाहा, मग जाडी

पुण्यात १९९० च्या दशकात पेठापेठांतून व्हिडिओ गेमची दुकाने होती. नाणे टाकायचे, उभे राहून दांडा फिरवायचा आणि बटणे बडवायची. ती मोठी यंत्रे आता फारशी दिसत नाहीत. मात्र तेच खेळ जुन्या संगणकावर चालतात आणि त्यासाठी लागणारे दांडा-बटणांचे पॅनेल घरच्या घरी तयार करता येते. थोडे सुतारकाम आणि थोडे वायरिंग जाणणाऱ्या आमच्या कारागीर तरुणांना हे एक चांगले जोडकाम आहे. परंतु गिऱ्हाईक पॅनेलचा रंग आणि बटणे पाहून पैसे देते. आतली तार त्याला दिसत नाही. काम टिकणार की महिन्याभरात परत येणार, हे मात्र त्या न दिसणाऱ्या तारेवर ठरते. म्हणून तारेची निवड कशी करावी, याचा विचार येथे करू.

नंबर मोठा, तार बारीक

आम्ही कपड्याच्या धंद्यातले. तरी तारेचा हिशेब आम्हाला परका वाटत नाही, कारण तो सुताच्या काउंटसारखाच आहे. ८४० यार्डांची एक लडी, अशा ४० लड्या एका पौंडात बसल्या तर ते सूत ४० काउंटचे. म्हणजे काउंट जितका मोठा, तितके सूत बारीक. तारेच्या गेजचेही तसेच. ३६ नंबरची तार २२ नंबरपेक्षा कितीतरी बारीक असते.

येथे एक घोटाळा होतो. गेज दोन प्रकारचे आहेत, एक इंग्रजी आणि एक अमेरिकन. इंग्रजी मापाची २२ नंबरची तार ०.७१ मि.मी. जाड असते, तर अमेरिकन मापाची ०.६४ मि.मी. परदेशी माहितीत '२२ गेज' वाचून तसेच दुकानात मागितले तर हवी ती तार मिळेलच असे नाही. तेव्हा नुसता नंबर सांगू नये. धागे किती आणि एकूण चौरस मि.मी. किती, हे दोन्ही विचारावे.

बाजारात 'सात छत्तीस', 'चौदा छत्तीस' अशी नावे ऐकू येतात. चौदा छत्तीस म्हणजे ३६ नंबरचे १४ धागे एकत्र पिळलेले. ३६ नंबरचा एक धागा ०.१९ मि.मी. जाड धरला, तर सात छत्तीसची तार सुमारे ०.२ चौ.मि.मी. आणि चौदा छत्तीसची सुमारे ०.४ चौ.मि.मी. भरते.

वीज थोडी, मार जास्त

दोन खेळाडूंच्या पॅनेलमध्ये दोन दांडे असतात आणि प्रत्येक दांड्याखाली चार स्विच. त्यांचे झाले ८. प्रत्येकी सहा बटणे धरली तर १२, 'स्टार्ट'ची दोन आणि नाण्याची दोन. एकूण २४ स्विच. प्रत्येक स्विचचे एक टोक छोट्या बोर्डाकडे स्वतंत्र जाते, दुसरे सर्वांच्या समाईक तारेला जोडले जाते. या तारांतून फार तर ५ व्होल्टची आणि काही मिलिअँपिअरची वीज वाहते. अर्धा मीटर सात छत्तीस तारेलाही हे ओझे काहीच नाही.

म्हणून 'जाड तार म्हणजे पक्के काम' हा समज येथे चुकीचा ठरतो. घराच्या वायरिंगची १ किंवा १.५ चौ.मि.मी.ची तार वापरली तर पंचवीस तारांचा जुडगा इतका ताठ होतो की तोच स्विचची पाती ओढून वाकवतो आणि झाकण बसू देत नाही.

एकाच धाग्याची तारही घेऊ नये. टेलिफोनची किंवा संगणक जाळ्याच्या केबलमधली एकधागी तार स्वस्त पडते आणि रंगही अनेक मिळतात. पण सोलताना तिच्यावर पात्याचा चरा उमटला की रोजच्या हादऱ्यांनी ती तेथेच तुटते. पिळदार अनेक धागे वाकतात, तुटत नाहीत. पुण्यात १९५८ मध्ये सुरू झालेल्या फिनोलेक्स कंपनीचे सुरुवातीचे उत्पादन मोटारगाड्यांसाठीच्या तारा हे होते. मोटारीत अनेकधागी तार वापरतात ती हादऱ्यांसाठीच. मुले बटणे बडवतात तेव्हा आपले पॅनेलही हादरतच असते.

टोकावरून तार ठरवा

आता मुख्य मुद्दा. स्विचच्या पात्यावर चपटे लग बसवतात. अमेरिकन पद्धतीच्या स्विचना बहुधा ४.८ मि.मी. रुंदीचे लग लागतात, जपानी पद्धतीच्या छोट्या बटणांना २.८ मि.मी.चे. प्रत्येक लग किती जाडीची तार धरू शकतो, ते ठरलेले असते. लाल आवरणाचे नेहमीचे लग साधारण ०.५ ते १.५ चौ.मि.मी.च्या तारेसाठी असतात. त्यात सात छत्तीसची तार घातली तर कितीही दाबा, ती सैल राहते. चौदा छत्तीसही त्या मापाच्या थोडी खालीच आहे.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी बटणे घ्यावीत, त्यांचे पाते मोजून लग घ्यावेत आणि लगला शोभेल ती तार घ्यावी. लाल लग असतील तर ०.५ चौ.मि.मी.ची, म्हणजे ०.२ मि.मी.च्या १६ धाग्यांची तार योग्य. बारीक तारेसाठी बनलेले लग मिळाले तर चौदा छत्तीस उत्तम. सात छत्तीस फक्त सोल्डरने जोडायच्या जागी वापरावी. दाबण्यासाठी लगची खास पक्कड घ्यावी. साध्या पकडीने लग चेपतो, पण तार धरत नाही. दाबण्याआधी तारेच्या टोकाला सोल्डर लावू नये. सोल्डर मऊ असते, दाबाखाली हळूहळू सरकते आणि पकड ढिली पडते. बसवलेला प्रत्येक लग एकदा हाताने ओढून पाहावा.

समाईक तार एका बटणावरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी जाते. तिचे शेवटचे टोकही परत बोर्डाला जोडावे. मग माळ मध्ये एके ठिकाणी तुटली तरी पुढची बटणे बंद पडत नाहीत. समाईक तार काळी ठेवावी, दोन खेळाडूंचे रंग वेगळे ठेवावेत. पुढे दुरुस्ती करणारा दुआ देईल.

२३० व्होल्टची वाट वेगळी

वर सांगितलेल्या बारीक तारा घरच्या विजेसाठी कधीही वापरू नयेत. पेटीत दिवा, पडदा किंवा वीजपुरवठ्याचा डबा असेल तर तेथे आयएस ६९४ आणि आयएसआय छाप असलेली, किमान ०.७५ चौ.मि.मी.ची तीनपदरी केबल घ्यावी. ती बटणांच्या जुडग्यापासून दूर बांधावी. पॅनेल पत्र्याचे असेल तर पत्र्याला अर्थिंग द्यावेच. त्या पत्र्यावर लहान मुलांचे हात असतात, हे विसरू नये.

खरेदी करताना

बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत हे सारे सामान मिळते. वरच्या २४ स्विचच्या पॅनेलला समाईक तारेसह १५ ते २० मीटर तार पुरते. एकाच पॅनेलसाठी ९० मीटरचे बंडल घेण्याची गरज नाही. जुन्या बाजारातली उतरवलेली तार घेतली तर ती कडक झाली आहे का, हे वाकवून पाहावे.

कापड घेताना आपण भिंग लावून ताणा-बाणा मोजतो. तार घेतानाही टोक सोलून धागे मोजावेत. चौदा सांगितले तर चौदा भरले पाहिजेत. मग एक धागा पात्याने खरवडावा. आत पांढरा दिसला तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे. अशी तार हलकी असते, वाकवता वाकवता लवकर तुटते आणि वीजही तांब्याइतकी वाहून नेत नाही.

विकणाऱ्या भावांनाही एक सांगावेसे वाटते. ॲल्युमिनियमची तार विकणे हा गुन्हा नव्हे, पण ती तांब्याची म्हणून विकणे खियानत आहे. माप-तोलात कमी देणाऱ्यांसाठी कुरआनात सूरह मुतफ्फिफीन आहे; धाग्यांची मोजणी आणि धातूची जातही त्याच हिशेबात येते. तसेच पॅनेल कोणत्या यंत्रासाठी हवे, हे ऑर्डर घेताना विचारावे. पैसे लावण्याच्या यंत्राचे काम असेल तर नम्रपणे नाही म्हणावे. तो जुगार आहे आणि त्या कमाईत बरकत नाही.

बाकी काम सोपे आहे. टोक मोजा, तार तपासा, लग ओढून पाहा. जे गिऱ्हाइकाला दिसत नाही ते नीट केले, तर पुढचे गिऱ्हाईक तोच घेऊन येईल, इन्शाअल्लाह.