नवं विंडोज टाकलं की आपलीच गाणी अडतात का?

मागच्या आठवड्यात एका बचत गटाच्या अध्यक्षताईंचा स्टुडिओत फोन आला. त्यांच्या गटाच्या कॉम्प्युटरवर नवं विंडोज टाकायचं आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, "ताई, नव्यात आपले फोटो, गाणी कॉपी होत नाहीत. कंपनी अडवते." खरं आहे का हे, असं ताईंनी विचारलं.

असे फोन हल्ली वाढलेत, त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सांभाळ थांबवला. त्यामुळे जो तो आता विंडोज 11 कडे निघालाय.

उत्तर आधीच देऊन टाकतो. तुम्ही मोबाइलवर काढलेला फोटो, हळदीकुंकवाचा व्हिडिओ, बैठकीचं रेकॉर्डिंग, यातलं काहीही नवं विंडोज अडवत नाही. पेनड्राइव्हवर घ्या, लेकीला पाठवा, काही होत नाही. कुलूप असतं ते कंपन्यांच्या मालाला. सिनेमाच्या ॲपमध्ये उतरवून घेतलेला सिनेमा त्या ॲपच्या बाहेर चालत नाही, मग विंडोज नवं असो की जुनं.

मग तो दुरुस्तीवाला खोटं बोलला का? तसंही म्हणवत नाही. कारण आमची स्वतःची फजिती याच गोष्टीत झाली आहे.

स्टेशन नवीन होतं तेव्हा आम्ही एका आजींच्या जात्यावरच्या चाळीस ओव्या टेपवर घेतल्या. शहरातल्या दुकानातून त्यांची सीडी करून आणली. ती सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली आणि विंडोज मीडिया प्लेअरने ओव्या उतरवून घेतल्या. बरीच वर्षं त्या वाजल्या. पुढे नवा कॉम्प्युटर आला. ओव्यांच्या फाइली त्यावर टाकल्या, जुना कॉम्प्युटर पुसून देऊन टाकला. नव्यावर नावं दिसत होती, फाइली पूर्ण होत्या, पण वाजवायला गेलं की परवाना नाही म्हणून सांगायचं. आजी तोवर गेल्या होत्या. खोलीत कुणी बोलेना.

झालं होतं ते असं. त्या जुन्या प्लेअरमध्ये सीडीवरचं संगीत उतरवताना त्याला कॉपीपासून जपायची एक सोय होती. त्या चौकोनात खूण असली, की प्लेअर गाण्याची डब्ल्यूएमए फाइल करायचा आणि तिला कुलूप घालायचा. चावी त्याच एका कॉम्प्युटरमध्ये राहायची. सोय होती बाजारातल्या सीड्यांसाठी, पण सीडीवर सिनेमाचं गाणं आहे की आपल्या आजीची ओवी, हे प्लेअरला कुठून कळणार? त्याने सरसकट कुलूप घातलं. आम्ही जुना कॉम्प्युटर पुसला तेव्हा चावीही पुसली गेली. बघा, फाइल कॉपी झालीच होती. अडलं ते वाजणं. आणि कुलूप जुन्याच घरात लागलेलं होतं, नव्या घरात आल्यावर ते आम्हाला दिसलं. आता तर मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर 2024 मध्ये ही जुनी कुलूपव्यवस्थाच मोडीत काढायच्या यादीत टाकली आहे.

सुदैवाने आजींच्या सुनेने पत्र्याच्या पेटीतून मूळ सीडी काढून दिली. या वेळी ती खूण काढली आणि एमपी3 करून घेतलं. अडतीस ओव्या आल्या, दोन ओरखड्यात गेल्या. तुमच्याकडे अशा डब्ल्यूएमए फाइली असतील आणि सीडी हरवली असेल, तर त्या ज्या कॉम्प्युटरवर वाजतात तो पुसू देऊ नका. आधी हेडफोनच्या भोकात वायर लावून रेकॉर्डरवर घ्या. आवाज थोडा उतरेल, पण राहील.

आता, अडवल्यासारखं वाटतं पण अडवलेलं नसतं, अशाही गोष्टी असतात. लग्नाचा दोन-तीन तासांचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही, फाइल फार मोठी आहे म्हणतो. पेनड्राइव्हमध्ये भरपूर जागा असते, तरी. तो दोष पेनड्राइव्हच्या आखणीचा. फॅट32 नावाच्या आखणीत 4 जीबीहून मोठी एक फाइल बसत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की बसते, मात्र फॉरमॅट करताना त्यातलं सगळं पुसलं जातं, तेवढं आधी काढून ठेवा. तसंच जुन्या कॉम्प्युटरची डिस्क नव्याला जोडली तर कधी परवानगी नाही असं येतं. तिथे नव्या कॉम्प्युटरचा पासवर्ड देऊन पुढे जाता येतं.

खरी भीती आहे ती ईमेलची. यावर कुणी फारसं बोलत नाही. विंडोज 11 कोऱ्या डिस्कवर टाकताना ते मायक्रोसॉफ्टचं खातं मागतं. आपल्या गटाचा ईमेल पाठ नसतो, मग दुरुस्तीवाला स्वतःचा घालतो. काम भागतं म्हणून आपणही खूश. पण 2024 च्या आवृत्तीपासून, अशा नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये बऱ्याच कॉम्प्युटरांवर सगळी डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि तिची 48 आकड्यांची चावी त्या खात्यात जाऊन बसते. म्हणजे गटाच्या फोटोंची चावी त्या भाऊंच्या ईमेलमध्ये! उद्या मशीन बिघडलं, डिस्क काढून दुसरीकडे लावली, तर त्या चावीवाचून आत जाता येणार नाही. फोटो वनड्राइव्हवर जात असतील तर तेही त्यांच्याच खात्यात, आणि तिथे फुकटची जागा 5 जीबीच.

म्हणून दुकानात जाताना गटाचा ईमेल आणि पासवर्ड घेऊन जा, आणि एक बाई शेजारी बसून राहा. आहे त्याच्यावर नवं चढवायचं असेल तर फाइली आणि ॲप ठेवा, असा पर्याय पडद्यावर येतो, तोच निवडायला सांगा. कोरं करून टाकणार असतील तर त्याआधी सगळं बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, आणि नुसतं घेऊन थांबू नका. ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून चार फोटो उघडा, दोन गाणी वाजवा. वाजली की मग मशीन त्यांच्या हातात द्या. चावीचे 48 आकडे वहीत उतरवून गटाच्या पैशांच्या पेटीत ठेवा, तिला तसंही कुलूप असतंच.