जमीन गुरगुरते, पाय अंगणाकडे धावतात

हिंगोली जिल्ह्यातलं पांगरा शिंदे आणि वसमत, औंढा, कळमनुरी तालुक्यांतली कित्येक गावं गेली काही वर्षं जमिनीखालचे गूढ आवाज ऐकत आहेत. गडगडाट होतो, पत्रे थरथरतात, माणसं लेकरं उचलून बाहेर येतात. बहुतेकदा पुढे काहीच होत नाही. पण २१ मार्च २०२४ ला सकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, अकरा मिनिटांनी ३.६ चा. १० जुलैला सकाळी पुन्हा ४.५. शिवाय १९९३ च्या किल्लारी भूकंपाची पहाट मराठवाड्यात कोण विसरलंय?

या माणसांना भित्रं म्हणण्याआधी रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलॉव्हची कुत्री आठवावीत. खाण्याआधी दरवेळी टिकटिक ऐकवली, की पुढे नुसत्या टिकटिकीनंही त्यांना लाळ सुटे. हे अभिजात अभिसंधान. पाठ्यपुस्तकं सहसा इथंच थांबतात, पण पुढची हकिगत जास्त मोलाची आहे. सप्टेंबर १९२४ मध्ये लेनिनग्राडला पूर आला, कुत्र्यांच्या कोठ्यांत पाणी शिरलं, त्यांना पोहवत बाहेर काढावं लागलं. त्या भीतीनं काही कुत्र्यांचं सगळं शिकलेलं विस्कटलं. त्यातलं एक सावरल्यावर पावलॉव्हनी खोलीच्या दाराखालून पाण्याची बारीक धार सोडली. कुत्रं पुन्हा बिथरलं.

टिकटिक होत राहिली आणि खाणं येईनासं झालं, तर लाळ हळूहळू आटते. पण शिकलेलं पुसलं जात नाही, दबून राहतं आणि काही काळानं पुन्हा वर येतं. त्यातही खाणं कधी आलं, कधी नाही असं घडलेलं असेल, तर लाळ आटायला फार वेळ लागतो. हिंगोलीत नेमकं हेच चाललंय. कित्येक आवाज रिकामे जातात, एखादा खरा ठरतो, आणि त्या एकानं भीती ताजी होते.

म्हणूनच नुसतं ‘घाबरू नका’ सांगून भागत नाही. माझ्या मते ही भीती पुरती जाऊही नये, कारण तिच्यामागे खरा अनुभव आहे. आवाज आला की पाय उचलतातच, तर त्यांना वाट मोकळी हवी: पत्र्यावर वजनासाठी ठेवलेले दगड उतरवावेत, दारातली अडगळ हलवावी, बाहेर पडण्याचा सराव शाळेत व्हावा.

विहिरीच्या सुरुंगालाही दचकणाऱ्या लेकराची गोष्ट मात्र वेगळी. त्याची भीती एका आवाजावरून दुसऱ्यावर पसरलेली असते. अशी भीती हळूहळू कमी करता येते. १९२४ मध्येच मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाला आवडीचा खाऊ देत ससा थोडाथोडा जवळ आणला. शेवटी पीटर त्याला कुरवाळू लागला.