पिशवीतले चिंचोके आणि जंगलातले वाघ

तळ्यात मासे किती, हे तळे न उपसता कसे सांगायचे? डेन्मार्कचे मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ च्या सुमारास माशांना खुणा लावून पाण्यात सोडले. पुढे १९३० मध्ये अमेरिकेत लिंकन यांनी पायात कडी घातलेल्या बदकांवरून असाच हिशेब मांडला. ही युक्ती वर्गात चिंचोक्यांवर करून पाहता येते.

पिशवीत न मोजता भरपूर चिंचोके भरा. त्यांतले ६० काढून त्यांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. रंग वाळला की परत टाकून पिशवी चांगली हलवा. (आळस केला तर खुणेचे चिंचोके वरच राहतात आणि सगळे गणित बिघडते.) आता न पाहता ५० काढा. समजा, त्यांत १२ खुणेचे निघाले. या ५० मध्ये खुणेचे जितक्या प्रमाणात आले, साधारण तितक्याच प्रमाणात ते सगळ्या पिशवीत असणार. म्हणजे एकूण चिंचोके ६० × ५० ÷ १२ = २५०.

पण १२ ऐवजी ९ निघाले असते तर? उत्तर ३३३ आले असते. १५ निघाले असते तर २००. पिशवी तीच, फरक फक्त तीन चिंचोक्यांचा! पुन्हा सापडलेल्यांचा आकडा भागाकारात खाली असल्यामुळे तो लहान असला की उत्तर फार हेलकावे खाते. म्हणून एकच आकडा सांगणाऱ्यापेक्षा 'अमुक ते तमुक यांच्या दरम्यान' असे सांगणाऱ्यावर आम्ही अधिक विश्वास ठेवतो.

चिंचोके पळत नाहीत, प्राणी पळतात. दोन पकडींच्या मधल्या काळात जन्म, मृत्यू, ये-जा नसावी, खूण पुसली जाऊ नये आणि प्रत्येक प्राणी सापडण्याची शक्यता सारखी असावी, अशी या गणिताची अपेक्षा असते. शेवटची अट सर्वांत अवघड. एकदा पिंजऱ्यात सापडलेला उंदीर पुन्हा तिकडे फिरकत नाही. मग खुणेचे कमी सापडतात आणि अंदाज फुगतो. दुसऱ्याला आतल्या खाऊची चटक लागते. तो रोज हजर, आणि अंदाज घसरतो.

वाघाला रंग लावायची गरज नाही. प्रत्येकाचे पट्टे वेगळे, तीच त्याची खूण. उल्लास कारंत यांनी नागरहोळे येथे स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या छायाचित्रांवरून वाघांच्या संख्येचा अंदाज काढला. ते काम १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा लागतो, कारण वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. सरकारी मोजणी मात्र तेव्हा पाऊलखुणांवरच चालली होती. राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात कागदावर डझनाहून अधिक वाघ असताना, २००५ मध्ये तेथे एकही उरला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर देशभर कॅमेऱ्यांची पद्धत आली. २०२२ च्या गणनेत छायाचित्रांत ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखले गेले. एकूण अंदाज मात्र ३,६८२ चा. न दिसलेल्यांचा हिशेब आपल्या सूत्राहून बराच गुंतागुंतीचा असतो, पण त्याचे मूळ या पिशवीतच आहे.

पुढच्या तासाला एक गंमत करा. खुणेचे दहा चिंचोके गुपचूप काढून तितकेच बिनखुणेचे टाका आणि मुलांना पुन्हा अनेकदा मोजायला लावा. २५० च्या पिशवीचे उत्तर ३०० च्या आसपास का जाते, ते त्यांनाच शोधू द्या.