रेषेतून माणूस उभा करताना

भीमजयंती जवळ आली की वस्तीतल्या एखाद्या हौशी मुलाला हाक येते. विहाराच्या भिंतीवर बाबासाहेब रंगवायचे असतात, देखाव्याचा पडदा करायचा असतो. मुलगा रात्र जागवून काम करतो आणि सारे त्याची पाठ थोपटतात. पण तोच मुलगा बारावीनंतर "मला कला महाविद्यालयात जायचे आहे" असे म्हणाला, की घरात शांतता पसरते. चित्रे काढून पोट भरते का, हा आईवडिलांचा प्रश्न खोटा नसतो. म्हणूनच या मुलांना तिथे काय शिकायला मिळते, ते आधी समजून घेऊ.

कलाशिक्षणात पात्ररचना नावाचा एक विषय आहे. मुले त्याला 'कॅरॅक्टर डिझाइन' म्हणतात. चित्रकथा, कार्टूनपट, बालपुस्तके, जाहिराती, संगणकावरचे खेळ, या सर्वांना पात्रे लागतात. गोष्ट लेखक लिहितो. पण तिच्यातला माणूस दिसतो कसा, चालतो कसा, रागावला की त्याचे खांदे कसे ताठ होतात, हे चित्रकार ठरवितो.

पहिला धडा छायाकृतीचा. पात्र पूर्ण काळ्या रंगाने भरून टाकायचे. नाक-डोळे दिसत नसतानाही ते कोण आहे, हे ओळखू आले पाहिजे. याचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात चौकातला पुतळा पाहा. कोट, चष्मा, काखेशी धरलेले पुस्तक, पुढे उंचावलेले बोट. चेहरा दिसण्याआधीच लहान मूल 'जयभीम' म्हणते.

दुसरा धडा प्रमाणाचा. डोक्याची उंची हे माप धरून शरीर मोजतात. प्रौढ माणूस साधारण साडेसात डोकी उंच भरतो, लहान मूल चार-पाच. मग तेच पात्र समोरून, बाजूने, पाठीमागून एकाच मापात काढायचे. हसू, भीती, राग यांचा वेगळा तक्ता करायचा. त्यासाठी विद्यार्थी स्टेशनवर, बाजारात वही घेऊन तासन्‌तास बसतात. संगणक पुढे येतो. आधी पेन्सिल आणि नजर तयार व्हावी लागते.

तिसरा धडा आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. गोल आकार प्रेमळ वाटतो, चौकोन भक्कम, टोकदार त्रिकोण धोक्याचा, असे वर्गात सांगतात. हा नियम सवयीने वापरला की नायक गोरा आणि धारदार नाकाचा, राक्षस काळा आणि जाड ओठांचा होऊन बसतो. आपल्या मुलांनी अशा किती तरी चित्रकथा वाचल्या आहेत. राक्षसाचा रंग आपल्या आजोबांसारखा का, असा प्रश्न एखाद्या पोराच्या मनात येतो. पण विचारायचा कोणाला?

याचे उत्तर आपल्याच वारशात आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी बोधिसत्त्वाचे जगप्रसिद्ध चित्र आहे. त्याच लेण्यात सावळ्या वर्णाची राजकन्याही आहे. सौंदर्य, करुणा आणि प्रतिष्ठा यांना त्या चित्रकारांनी गोरेपणाची अट घातली नाही.

आजच्या काळातले उदाहरणही आहे. २०११ साली नवयान प्रकाशनाने 'भीमायन' हे बाबासाहेबांच्या जीवनावरील चित्रमय पुस्तक काढले. चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची आहेत. त्यांनी पात्रांना चौकटींत कोंडले नाही. मायेचे बोलणे पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात आले, तर जातीचे विष ओकणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आली. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीलाही बोलणारा कोणत्या वृत्तीचा आहे, ते कळावे! पात्ररचनेचे बळ ते हेच.

एखाद्या विद्यार्थिनीला 'तुमच्या माहितीतले एक पात्र तयार करा' असा गृहपाठ मिळाला, तर तिने आपल्या आईला समोर बसवावे. पहाटे झाडू घेऊन निघणाऱ्या आईची पाठ किती वाकते, विहारात पांढरी साडी नेसून बसल्यावर तीच पाठ कशी सरळ होते, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक असणार? दया यावी असे चित्र पुष्कळांनी काढले. स्वाभिमान दिसेल असे चित्र आपल्या लेकींनी काढायचे आहे.

पालकांनो, वाट सोपी नाही. साहित्याला खर्च येतो, आणि शिक्षण संपताच काम मिळेल असेही नाही. पण वाट आहे. शाळेत असतानाच मुलांना कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांना बसवा. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन बी.एफ.ए. करता येते. मुंबईत १८५७ साली सुरू झालेली जे. जे. कला शाळा आहे. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि पवईच्या आय.आय.टी.मधील डिझाइन विभागात कार्टूनपटाचेही शिक्षण मिळते. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या आपल्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेवा.

'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश वकिली, डॉक्टरकी आणि सरकारी नोकरीपुरताच नव्हता. आपली माणसे आजवर दुसऱ्यांनी रंगविली. येत्या जयंतीला भिंत रंगविणाऱ्या मुलाची पाठ थोपटून झाल्यावर त्याला एवढे जरूर विचारा, "बाळा, फॉर्म कधी निघतात?"