मुक्त कार्यप्रणाली आणि प्रकाशीय ड्राइव्ह : खुल्या मानकाचे अर्थशास्त्र

संगणकाला जोडलेले उपकरण आणि कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीला ड्रायव्हर म्हणतात. मोठी ग्राहकसंख्या असलेल्या व्यापारी कार्यप्रणालीसाठी उत्पादक स्वतःहून ड्रायव्हर पुरवितात. मुक्त कार्यप्रणालीच्या वाट्याला ही सोय सहजासहजी येत नाही. वापरकर्ते कमी म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून वापरकर्ते कमी, असे हे दुष्टचक्र असते. सीडी व डीव्हीडी वाचणाऱ्या प्रकाशीय ड्राइव्हच्या बाबतीत ते कसे भेदले गेले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

जितके उत्पादक, तितक्या जोडण्या

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. सीडीवरील माहितीच्या मांडणीसाठी आयएसओ ९६६० हे मानक १९८८ पासून उपलब्ध होते. परंतु ड्राइव्ह संगणकाला जोडण्याची स्कझी ही प्रमाणित पद्धत महाग होती. सोनी, मित्सुमी, पॅनासोनिक यांच्या स्वस्त ड्राइव्हची जोडणी प्रत्येकी निराळी होती. त्यामुळे लिनक्सच्या विकासकांना प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहावा लागला. समजा, उत्पादक दहा आणि कार्यप्रणाली चार असतील, तर एकूण चाळीस ड्रायव्हर लागतात. हा भार लहान प्रणालीला सर्वाधिक जाचतो.

मानकामुळे घडलेला बदल

१९९० च्या दशकाच्या मध्यास एटापी हे मानक रूढ झाले. हार्ड डिस्कच्या स्वस्त जोडणीवरूनच स्कझीच्या धर्तीचे आदेश ड्राइव्हला पाठविण्याची सोय त्याने केली. आता प्रत्येक कार्यप्रणालीला एकच सामाईक ड्रायव्हर पुरेसा झाला. वरील उदाहरणातील चाळीसच्या जागी चार उरले. उत्पादकाने मुक्त कार्यप्रणालीची दखल घेतली नाही, तरी त्याचा ड्राइव्ह तिच्यावर चालू लागला. जुन्या जोडण्यांचे निरुपयोगी ठरलेले ड्रायव्हर २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून वगळण्यात आले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत, मानक ही सार्वजनिक वस्तू आहे : एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही आणि नव्या स्पर्धकाचा प्रवेशखर्च घटतो.

मानकाची मर्यादा

तथापि, यंत्र चालणे आणि त्यातील आशय खुला होणे या भिन्न बाबी आहेत. चित्रपटांच्या डीव्हीडींवर सीएसएस नावाचे कूटलेखन होते आणि त्याच्या वापरासाठी परवाना घ्यावा लागे. लिनक्सवर ड्राइव्ह सुरळीत चालत असे, चित्रपट मात्र दिसत नसे. १९९९ मध्ये हे कूटलेखन उलगडणारी आज्ञावली प्रसृत झाली. तिच्याशी संबंधित खटल्यात नॉर्वेच्या न्यायालयांनी २००३ मध्ये योन योहान्सेन यांना निर्दोष ठरविले. अमेरिकी न्यायालयांनी मात्र १९९८ च्या डिजिटल स्वामित्वहक्क कायद्याच्या आधारे तिच्या प्रसारास मनाई केली. तांत्रिक अडथळा दूर झाल्यावरही कायदेशीर अडथळा उरू शकतो, हे यातून स्पष्ट होते.

भारताच्या दृष्टीने महत्त्व

सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय कार्यप्रणाली आहे. ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण केंद्र सरकारने २०१० मध्ये, तर मुक्त स्रोत आज्ञावली स्वीकारण्याचे धोरण २०१५ मध्ये जाहीर केले. ही दोन्ही धोरणे परस्परपूरक आहेत. मुक्त प्रणाली स्वीकारूनही खरेदी केलेली उपकरणे खुल्या मानकांनुसार नसतील, तर ती प्रणाली कार्यालयात टिकणे अवघड होते. आज नव्या लॅपटॉपमधून प्रकाशीय ड्राइव्ह जवळपास हद्दपार झाला आहे. मात्र ग्राफिक्स आणि वायफायच्या चिप्सना असा सामाईक आदेशसंच अद्याप लाभलेला नाही. म्हणूनच सरकारी खरेदीच्या निविदेत किमतीइतकेच मानकालाही स्थान मिळणे आवश्यक आहे.