चिंचोक्यांच्या रांगा

गटाच्या बैठकीत एक तक्रार नेहमी ऐकू येते. पोरगी पाढे घडाघडा म्हणते, पण भागाकार आला की पेन्सिल चावत बसते. पाढे पाठ असणं चांगलंच, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण 'सात चोक अठ्ठावीस' कसं दिसतं, हे तिनं पाहिलेलं नसतं. ते दाखवायला आईनं शाळा शिकलेली असावी लागत नाही.

एका पाटावर आडवे ७ चिंचोके मांडायला सांगा. त्याच्याखाली आणखी ७, अशा ४ रांगा. चिंचोक्याखाली चिंचोका नीट आला पाहिजे, रांगा वाकड्या झाल्या तर पुढची गंमत दिसत नाही. मोजले, तर २८. हे सात चोक. आता पाट अलगद आडवा फिरवा. रांगेत ४ आणि रांगा ७ झाल्या. हे चार सत्ते. चिंचोका ना वाढला, ना कमी झाला. म्हणजे एक पाठ झालं की दुसरं फुकटात मिळालं!

मोठा पाढा अडला तर मांडणी तोडायची. १२ च्या ७ रांगा मांडा आणि १० चिंचोक्यांनंतर खराट्याची काडी उभी ठेवा. एका बाजूला ७०, दुसऱ्या बाजूला १४. झाले ८४.

भागाकारात हेच उलट करायचं. ३० चिंचोक्यांचा ढीग द्या आणि ७-७ च्या रांगा लावायला सांगा. ४ रांगा भरतात, २ उरतात. तीच बाकी. बाकी ७ किंवा जास्त का नसते, हे पोरीलाच विचारा. ७ उरले असते तर तिनं आणखी एक रांग लावली नसती का?

हे जमलं की तिला आपल्या कामात घ्या. वाळलेले पापड २५०, पाकिटात १२. पाकिटं २० भरतात, १० पापड उरतात. आता ते एकविसाव्या पाकिटात घालून विकायचे का? पाकिटावर १२ छापलेलं असेल तर नाही. गटाचा नफा वाटतानाही हाच भागाकार असतो, आणि आपल्यातल्या कितीतरी जणी वहीतला आकडा तपासून न बघताच सही करतात. पुढच्या बैठकीला पोरींना बरोबर आणा, चिंचोके मी आणते.